कानाचे मशीन कोणी बसवायचे?

चष्म्याचा नंबर चुकला तर डोके दुखते आणि माणूस दुसऱ्याच दिवशी दुकानात परत जातो. कानाच्या मशीनचे तसे होत नाही. ‘नुसता गोंगाट ऐकू येतो’ म्हणत आजोबा ते कपाटाच्या खणात ठेवून देतात आणि ‘वयच झाले’ असे म्हणून घरचेही विषय संपवतात. लहान मुलाला तर तक्रारही करता येत नाही. मशीनचा आवाज कमी पडला तर शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि फार वाढवला तर उरलेली श्रवणशक्तीही धोक्यात येते. म्हणूनच हे काम कोणी करावे, हे भारतात कायद्याने ठरवलेले आहे. बहुतेक कुटुंबांना मात्र याची कल्पना नसते.

हा कायदा म्हणजे १९९२चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा. ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट हे दोन्ही व्यवसाय त्याच्या कक्षेत येतात. मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका घेतलेल्या व्यक्तीने परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवायचे असते. नोंदणी नसेल तर देशात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही, सरकारी संस्थेत या पदावर काम करता येत नाही, कायद्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. नोंदणी एकदा झाली की आयुष्यभर पुरते असेही नाही. ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या प्रशिक्षणांना हजेरी लावावी लागते.

या क्षेत्रातला पायाभूत अभ्यासक्रम म्हणजे बीएएसएलपी. इंटर्नशिप धरून तो चार वर्षांचा असतो आणि त्यात श्रवण व वाचा हे दोन्ही विषय शिकवले जातात. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था इथे हे शिक्षण मिळते. याखेरीज बारावीनंतरची एक वर्षाची पदविका आहे. ती घेतलेली व्यक्ती ऑडिओलॉजिस्टच्या हाताखाली मदतीचे काम करू शकते. निदान करून स्वतंत्रपणे उपचार ठरवणे हे तिचे काम नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ हे आणखी वेगळे. पडदा फाटला, कान वाहू लागला की त्यांच्याकडे जायचे. किती ऐकू येते हे मोजणे, मशीन निवडून त्या कानाला जुळवणे आणि नंतर बोलायला शिकवणे हे पुढचे काम. आणि मशीन विकणारा हा यांपैकी कोणीच नसू शकतो. खरा घोळ इथेच होतो, कारण ‘मोफत श्रवण तपासणी’चा फलक लावणाऱ्या दुकानात तपासणारा आणि विकणारा अनेकदा एकच माणूस असतो.

बाळाच्या बाबतीत तर वेळ फार थोडा असतो. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मानला जाणारा हिशोब. बाळ हात वर करून ‘ऐकू आले’ असे सांगू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी ओएई आणि बेरा या चाचण्या असतात. बेराच्या आलेखातल्या लाटा वाचायला सराव लागतो. तो चुकीचा वाचला गेला, तर भाषा शिकण्याचे महिने हातातून निसटतात.

वाचा-उपचारांची गोष्टही याहून निराळी नाही. पक्षाघातानंतर अनेकांना बोलण्याबरोबर गिळायलाही त्रास होतो, आणि गिळणे तपासणे, ते पुन्हा शिकवणे हेसुद्धा स्पीच थेरपिस्टचेच काम आहे. अशा रुग्णाला पाणी केव्हा आणि कसे द्यायचे याचा अंदाज चुकला, तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी गल्लोगल्ली उघडलेल्या केंद्रांतल्या फलकांवर ‘थेरपी’ हा शब्द ठळक असतो. थेरपी देणाऱ्याची पदवी मात्र शोधावी लागते.

मग कायदा काय करतो? नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात लिहिलेली आहे. हजार रुपये! चांगल्या डिजिटल मशीनच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळच. शिवाय परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. फसवणूक झालेल्या कुटुंबाला या कायद्याखाली थेट न्यायालयात जाता येत नाही, त्याला आधी परिषदेकडे जावे लागते. कायदा आहे, त्याला दात मात्र दुधाचेच आहेत.

अमेरिकेत हीच व्यवस्था राज्यांच्या हाती आहे. तिथे परवाना प्रत्येक राज्य वेगळा देते. टेक्सासचा परवाना असलेल्याला न्यूयॉर्कमध्ये रुग्ण तपासायचा तर तिथला परवाना घ्यावा लागतो. हा जाच कमी करण्यासाठी अनेक राज्यांनी आता आपसात करार केला आहे. इथून शिकून तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींनाही या पायऱ्या चुकत नाहीत. आपल्याकडे नोंदवही एकच असल्याने मुंबईत नोंदलेला ऑडिओलॉजिस्ट गडचिरोलीतही तितकाच अधिकृत असतो. एवढी सोय तरी आपल्या पदरात आहे.

या सोयीचा उपयोग रुग्णालाही करून घेता येतो. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते, तसेच हे. क्रमांक किंवा नाव मिळाले की परिषदेच्या संकेतस्थळावर त्याची पडताळणी करता येते. प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर त्यावरची मुदतीची तारीखही पाहावी. तपासणीच्या अहवालाखाली सही कोणाची आहे आणि सहीखाली क्रमांक आहे का, हे पैसे देण्याआधीच पाहिलेले बरे.