असीरचा ससाणा आणि राणीछाप रुपया

जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेशावरची फारुकी सुलतानांची दोनशेहून अधिक वर्षांची सत्ता संपली. या विजयाची आठवण म्हणून बादशहाने सोन्याची मोहोर पाडली. तिच्या एका अंगाला ऐटीत उभा असलेला ससाणा, तर दुसऱ्या अंगाला इलाही सन ४५ आणि टाकसाळीचं नाव, असीर. रावेर ओलांडून खंडव्याच्या वाटेला लागलं की लागणारा हा किल्ला आज मध्य प्रदेशात असला, तरी जळगाव-धुळ्याच्या नाणेवेड्याला ही मोहोर आपलीच वाटणार. हाती मात्र ती लागायची नाही. असली नाणी संग्रहालयांच्या काचेआड असतात किंवा मोठ्या लिलावात, जिथे नोकरदार माणूस नुसता आकडे ऐकायला जातो.

मग उरते प्रतिकृती. नाणेशास्त्रात तिला मोठी परंपरा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रॉबर्ट रेडी हा कारागीर १८५९ पासून नाण्यांच्या हुबेहूब प्रती करत असे. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे ठसे घ्यायचे, त्यांवर विजेच्या साहाय्याने तांब्याचा पातळ थर चढवायचा, मग ती दोन कवचं आतून शिसं भरून जोडायची आणि वर मुलामा द्यायचा. अभ्यासकांना आणि इतर संग्रहालयांना अशा प्रती पुरवल्या जात. कडेवर जोडाची रेघ राही. पुष्कळ प्रतींवर 'आरआर' अशी अक्षरंही ठोकलेली असत. लबाडी नको, हा त्यामागचा हिशेब. धुळ्यात ज्यांचा शेवट झाला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावच्या दप्तरांतली पत्रं उतरवून छापली, तीही एका अर्थी प्रतिकृतीच. मूळ कागद कुठला हे सांगितलेलं असलं की नक्कल अभ्यासाला पुरते.

सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात प्रतिकृतीचं सर्वांत सुंदर उदाहरण गळ्यात घालतात. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्यावरून आलेली आहे. साडेतीन ग्रॅमचं हे जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं १२८४ मध्ये सुरू झालं आणि १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याची छाप फारशी बदलली नाही. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, मागे ताऱ्यांच्या लंबवर्तुळात येशू. मसाल्यांच्या मोबदल्यात ही नाणी हिंदुस्थानात आली आणि इथल्या सोनारांनी त्यांच्यावरून नवी घडवली. लॅटिन अक्षरं कुणाला वाचायची होती? त्यांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्या. पुढे कुठे संताच्या जागी राम-सीता आले, कुठे लक्ष्मी. आता एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेली पुतळी मिळते. म्हणजे नकलेची नक्कल. लग्नात ती मिरवणाऱ्या बाईला त्याचं काही वाटत नाही, आणि का वाटावं?

अस्सल आणि नक्कल यांना आपापली जागा देणारे छंदिष्ट इतरत्रही आहेत. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जुगारघर बंद झालं की त्याच्या चिप्स परत घेऊन नष्ट करण्याचा नियम आहे. त्यामुळे १९९३ मध्ये पाडलेल्या डून्ससारख्या घराच्या अस्सल चिप्सना संग्राहक जपतात, आणि घरच्या पत्त्यांच्या डावाला स्वस्तातल्या नकला चालवून घेतात.

आपल्याकडे दिवाळीत खरी गफलत होते ती राणीछाप रुपयात. व्हिक्टोरियाच्या किंवा पंचम जॉर्जच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायला तोच जुना चेहरा हवा, म्हणून तशी छाप मारलेली नवी नाणी विकली जातात. काही चांदीची, काही जर्मन सिल्व्हरची. या दुसऱ्या धातूत तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदीचा कणही नसतो. तो हलका असल्याने मूळ रुपयाच्याच आकाराचं नाणं जेमतेम पावणेदहा ग्रॅम भरतं. सराफाच्या काट्यावर टाकलं की निकाल लागतो. कडही बोटाने चाचपावी: टाकसाळीच्या खाचा सरळ आणि सारख्या असतात, ओतीव नाण्याची कड बुळबुळीत लागते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात.

तिसरा प्रकार मात्र सरळ फसवणुकीचा. रामदरबार किंवा हनुमानाची छाप, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, 'अर्धा आणा' आणि साल १८१८, कधी तर चक्क १६१६. जत्रेत शे-दोनशेला मिळणारी ही चकती तांदूळ ओढते, तिला लाखो रुपये येतात, अशी थाप मारून लोकांना लुबाडतात. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. १८१८ साली तर कंपनी खानदेशात नुकतीच पाय रोवत होती. त्याच फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिलं. त्यांच्याकडून रामाच्या नाण्याची अपेक्षा करणं म्हणजे कमालच! कुतूहल म्हणून ती चकती शंभर रुपयांत घ्यावी, त्याहून एक पैसा जास्त देऊ नये.

प्रतिकृती घेताना पावतीवर 'प्रतिकृती' हा शब्द आणि धातूचं नाव लिहून घ्यावं. पूजेला तीच काढावी. ती रांगोळीने घासा, टूथपेस्टने चमकवा, हळद-कुंकू लावा, काही बिघडत नाही. आजीच्या डब्यातल्या खऱ्या रुपयाला मात्र यातलं काहीही लावू नये: घासलं की राणीच्या केसांची बारीक रेघ पुसट होते आणि संग्राहक त्या नाण्याला जेमतेम मोडीचा भाव देतो.