स्पोर्ट्स कार घ्यायचीय? सही करण्याआधी हिशेब बघा

आपल्या घरांत हा विषय आता थट्टेचा राहिलेला नाही. आखातातून परतलेला भाऊ असो की धंद्यात जम बसलेला मुलगा, जेवताना कुणीतरी सहज म्हणतं, "अब्बा, यंदा बीएमडब्ल्यूची एम३४०आय बघू या." अब्बा किंमत विचारतात आणि दस्तरखानावर एकदम शांतता होते. घ्यावी की नको, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आम्ही बोलणार आहोत ते शोरूममधल्या कागदांबद्दल. सांगितलेली किंमत आणि घरातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम यांत लाखोंचा फरक पडतो, आणि तो बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात, चहा पिता पिता केलेल्या सह्यांमध्ये पडतो.

आधी गाडी कुठून येते ते विचारा. एम३४०आय चेन्नईच्या कारखान्यात जोडली जाते. ३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३७४ अश्वशक्ती, शून्यावरून १०० चा वेग साडेचार सेकंदांच्या आत. पोर्शे ९११ मात्र परदेशात पूर्ण तयार होऊन येते, त्यामुळे तिच्या किमतीत आयात शुल्काचा मोठा वाटा असतो.

आता समजा, पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ७५ लाख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे या ७५ लाखांतले सुमारे २१ लाख ४३ हजार आधीच कराचे. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, म्हणजे ९ लाख ७५ हजार. तोही जीएसटी धरून झालेल्या किमतीवर! गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के. "फर्मच्या नावावर घेऊ, खर्चात दाखवू" असा सल्ला कुणी दिला, तर हा फरक मांडून मगच सीएला विचारा.

१० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस घेतो, इथे ७५ हजार. हे पैसे बुडत नाहीत. तुमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना वळते करून घेता येतात. बरेच लोक हे विसरूनच जातात.

"हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" नावाची ओळ दिसली, तर हा आकार कशाचा ते लेखी मागा. तो सरकारी आकार नाही. आमच्या ओळखीतल्या एका घराने नुसतं "लिहून द्या" म्हटलं, आणि ती ओळ पुढच्या कागदावर नव्हती.

रोखीचं मात्र नीट समजून घ्या. व्यापारी घरांत पैसा रोख असतो, पण २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. तुकडे करून दिले तरी व्यवहार एकच. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणून "थोडे रोख चालतील" म्हणणारा सेल्समन पावती देत नाही. मग ती रक्कम दिल्याचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही.

आणि व्याज. ६० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण १ लाख २४ हजार ५०० आणि निव्वळ व्याज पावणेपंधरा लाखांच्या आसपास. व्याज टाळणाऱ्या घरांना आपल्याकडे पर्याय थोडेच. रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव २०१७ मध्येच बाजूला ठेवला. "शून्य टक्के" योजना दिसली की दोन गोष्टी विचारा: प्रोसेसिंग फी किती, आणि पूर्ण पैसे एकदम दिले तर सूट किती? ती सूट हप्त्यांत मिळत नसेल, तर शून्याचा अर्थ आलिमांनाच विचारलेला बरा. वापरातल्या गाडीवर जकात नाही. पण तिच्यासाठी साठवलेल्या रकमेवर चांद्र वर्ष उलटलं आणि निसाब पूर्ण असेल, तर अडीच टक्के द्यायचे आहेत. दोन-तीन वर्षं पैसे जमवणाऱ्यांच्या हिशेबातून हे हमखास सुटतं.

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा लागतो. बाकीचं कव्हर बाहेरूनही विचारा आणि 'झिरो डेप' आहे का ते बघा. साध्या पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते, आणि या गाड्यांचे बंपर काही स्वस्त नसतात. मुंबई-कोकणात पाणी भरतं, तेव्हा इंजिन कव्हरही हवंच. शर्यतीत झालेलं नुकसान कुठलीच साधी पॉलिसी भरत नाही.

कायमचा नंबर लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला ज्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला, तिची कायमची नोंदणी झालेली नव्हती; भरायची राहिलेली फी होती १,७५८ रुपये. चालवणारा १७ वर्षांचा होता. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. म्हणून घरात चावी कुठे राहणार, हे बुकिंगच्या दिवशीच ठरवा. ०७८६ नंबर हवा असेल तर त्याची फी वेगळी, तीही हिशेबात धरा.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जा, मगरिबनंतर नको. दिव्यांच्या झगमगाटात रंगावरचे ओरखडे दिसत नाहीत. टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. फॉर्म २२ वर गाडी बनल्याचा महिना बघा. गेल्या वर्षीची निघाली तर सूट मागायचा तुमचा हक्क आहे. चेसिस नंबर, किलोमीटर, दोन्ही चाव्या तपासा. हे सगळं जुळलं, मगच डिलिव्हरीच्या कागदावर सही करा, फोटो त्यानंतर.