तपासणीच्या फेरीत समुद्राची एक संध्याकाळ

नांदेड-लातूरकडील अनेक ज्येष्ठांनी मुंबई पाहिली आहे, पण ती रुग्णालयाच्या रांगेतून. रात्रीच्या गाडीने निघायचे, सकाळी उतरायचे, केसपेपर, तपासण्या, अहवाल, आणि पुन्हा रात्रीची गाडी. चार वेळा जाऊन आलेल्या आजींना ‘समुद्र पाहिलात का?’ असे विचारले, तर त्या म्हणतात, ‘कुठला बाई समुद्र! नंबर लावण्यातच दिवस गेला.’

वाचकहो, गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. लातूरची मांजराही अखेर तिलाच मिळते. आपल्या नद्या बंगालच्या उपसागराला जातात. पश्चिमेचा समुद्र पाहायचा तर आपणच गेले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी लातुरात अनुभवले, त्यांना अथांग पाणी एकदा डोळे भरून दाखवणे ही केवळ हौस नव्हे. आजारपणात माणूस हळूहळू ‘पेशंट’ होऊन बसतो. अशी एक संध्याकाळ त्याला पुन्हा घरातले वडीलधारे माणूस करते.

निघण्यापूर्वी

डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : ‘संध्याकाळी तासभर बाहेर नेले तर चालेल का? गर्दी चालेल का?’ केमोथेरपी सुरू असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास हा प्रश्न विसरू नये. नकार मिळाला, तर बेत पुढच्या फेरीवर ढकलावा. आरक्षण करताना वय अचूक नोंदवावे. ६० वर्षांवरील पुरुष व ४५ वर्षांवरील महिलांना उपलब्धतेनुसार खालचा बर्थ देण्याची रेल्वेची तरतूद आहे. औषधे मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत. ज्यांना विस्मरण होते, त्यांच्या खिशात नाव व नातेवाइकाचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी.

काय पाहावे

एका दिवसात एकच ठिकाण, फार तर दोन. मरीन ड्राइव्ह सर्वांत सोयीचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते टॅक्सीने जवळ आहे, पदपथ रुंद आहे आणि कठड्यावर बसून सूर्यास्त पाहता येतो. काठी वापरणाऱ्यांना वाळूपेक्षा ही फरसबंदी बरी, कारण वाळूत काठी रुतते आणि तोल जातो. मात्र पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाटा कठड्यावरून उसळतात. तेव्हा दूरच राहावे.

त्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला गिरगाव चौपाटी आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाल्यावर त्यांच्यावर येथेच अंत्यसंस्कार झाले. तेथे त्यांचा पुतळा आहे. जुन्या पिढीला हे स्थान दाखवले की आठवणी आपोआप बोलू लागतात.

१९२४ साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया शक्यतो सकाळी लवकर पाहावे. संध्याकाळी तेथे गर्दी फार. घारापुरीच्या लेण्यांचा मोह मात्र या फेरीत आवरावा. बोटीचा तासाभराचा प्रवास, हलत्या बोटीतून चढउतार आणि वर सुमारे १२० पायऱ्या हे दमलेल्या गुडघ्यांचे काम नव्हे.

किनाऱ्यावरची पथ्ये

आपल्याकडील उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि वाळतो, त्यामुळे अंग निवते. समुद्रकाठी हवेत बाष्प अधिक असल्याने घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. म्हणून दुपारी मुक्कामी विश्रांती घ्यावी व ऊन उतरल्यावर निघावे. वयोमानाने तहानेची जाणीव कमी होते. मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास तेच पाळावे.

अनेक ज्येष्ठ स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणीच पीत नाहीत. पोहोचताच आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून त्यांना सांगावे; निम्मी चिंता मिटते.

मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास शिंपल्याची किंवा काचेची जखम कळतही नाही. रात्री दोन्ही तळवे उजेडात तपासावेत. जेवणाची वेळ टळू देऊ नये. खिशात साखर असावी. रक्तदाब असणाऱ्यांनी खारट चटकमटक पदार्थांची चव घ्यावी, पोट भरू नये. बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये. क्षणभर थांबून, आधार घेऊन उठावे, म्हणजे भोवळ येणार नाही. छातीत दुखणे, दम लागणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही जाणवल्यास थेट १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

लेकी-सुनांनो, मुलांनो, दिवसभर फायली सांभाळून तुम्हीही थकलेले असता. त्या तासाभरात अहवालाची चर्चा नको, फोटोंची घाईही नको. शेजारी बसा. वडील गप्प राहिले तर राहू द्या. पुढची तारीख पिशवीतल्या कागदावर आहेच. परतीच्या गाडीत मात्र आई शेजारच्या बाईला रक्ताच्या तपासणीऐवजी लाटांविषयी सांगत असेल, तर ती फेरी औषधाइतकीच गुणकारी ठरली असे समजावे.