‘प्राईस प्लीज’च्या पुढे काय? कपड्यांच्या छोट्या दुकानाची वेबसाईट कशी असावी

इन्स्टाग्रामवर कुर्तीचा फोटो पडतो. खाली कमेंट येते, ‘प्राईस प्लीज’. उत्तर ठरलेलं, ‘डीएम केलंय’. मग साईज कुठली, कापड काय, रंग जाईल का, कॅश ऑन डिलिव्हरी आहे का... रोज तेच प्रश्न आणि प्रत्येकीला वेगळं टाईप करून उत्तर. ऑर्डरी वाढल्या की एकट्या माणसाला हे झेपत नाही. मग कुणीतरी सुचवतं, वेबसाईट काढ.

इथे बरेच जण लोगो आणि सरकत्या बॅनरवर पैसे घालवतात. पण काउंटरवर गिऱ्हाईक कापड हातात घेऊन जे विचारतं, त्याचं उत्तर देणं हे वेबसाईटचं खरं काम.

उत्तर दिलं नाही तर काय बिघडतं?

समजा, कुर्तीची किंमत ७०० रुपये. खरेदी आणि पॅकिंग मिळून ५००, कुरिअर ८०. कर बाजूला ठेवला तर सुटले १२०. आता साईज बसली नाही म्हणून कुर्ती परत आली. जायचे ८०, यायचे ८०, म्हणजे १६० रुपये खिशातून गेले. एका परतीनं दुसऱ्या एका विक्रीचा सगळा नफा खाल्ला, वर ४० रुपये घेतले. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातूनच नाकारलं, तरी भुर्दंड तोच.

मग प्रत्येक कपड्याच्या पानावर काय हवं?

माप: एका ब्रँडचा ‘एल’ दुसऱ्याचा ‘एम’ असतो. छाती, उंची, बाही इंचात लिहा. हे माप कपड्याचं की अंगाचं, तेही सांगा. साडी असेल तर लांबी आणि ब्लाऊज पीस आहे की नाही, हे लिहा.

कापड: आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम धागा. त्याला नुसतं ‘सिल्क’ म्हटलं तर फसवणूक होते. कसं धुवायचं तेही लिहा.

फोटो: दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता. एक समोरून, एक मागून, एक विणीचा अगदी जवळून. फाईल हलकी ठेवा, कारण बहुतेक गिऱ्हाईक मोबाईलवरच बघणार.

साठा: एकच नग असेल तर विकल्याबरोबर ‘संपलं’ दिसलं पाहिजे. इन्स्टाग्रामवर विकलेला नगही इथून लगेच वजा करा.

बांधायची कशावर?

शॉपिफायसारखी सेवा म्हणजे दरमहा भाड्याचा तयार गाळा. वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे प्लगइन फुकट मिळतं, पण होस्टिंग आणि अपडेटची जबाबदारी तुमची. काहीही निवडा, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलनं घ्या. ते वेबसाईट बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं आणि पुढे बिनसलं, तर दुकानाची पाटीच त्याच्या हातात. पैसे पेमेंट गेटवेमधून घ्या. ग्राहकाच्या कार्डचे तपशील स्वतःकडे साठवू नका.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० पासून लागू आहेत. नियमित धंदा करणाऱ्यानं वेबसाईटवर व्यवसायाचं नाव, पत्ता, संपर्क, तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती आणि परतीचे नियम द्यायचे असतात. डिलिव्हरी आणि करासकट एकूण किंमत दिसली पाहिजे, म्हणजे ‘किंमत डीएममध्ये’ इथे चालत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची.

राज्याबाहेर माल विकायचा असेल, तर उलाढाल छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना मर्यादेपर्यंत सूट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महागावर १८ टक्के जीएसटी आहे.

सुरू करण्याआधी एक चाचणी

ऑनलाईन खरेदीची फारशी सवय नसलेल्या मावशीच्या किंवा काकांच्या हातात फोन द्या. ‘एक कुर्ती मागवा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. ते जिथे अडतील आणि जे विचारतील, ते लिहून घ्या. तेवढ्या गोष्टी दुरुस्त करा आणि मगच लिंक बायोमध्ये टाका.