सामना उभा करणारी माणसे

भाताची कापणी आटोपली की पेण आणि रोहा या तालुक्यांतील गावांना कबड्डीचे वेध लागतात. दिवसभर ओसाड दिसणारे शेत किंवा शाळेचे पटांगण रात्री दिव्यांनी उजळून निघते. भोवती बायाबापड्यांची, मुलाबाळांची दाटी होते आणि एखाद्या चढाईपटूची पकड झाली की जो गलका उठतो, तो पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जातो. प्रेक्षकांची नजर असते ती मैदानातील चौदा खेळाडूंवर. पंचांकडे लक्ष जाते ते वाद झाला तरच. गुणलेखक टेबलाशी मान खाली घालून बसलेला असतो. ज्याने दुपारच्या उन्हात दोरी लावून मैदान आखले आणि फक्की मारली, त्याची आठवण तर कोणालाच नसते. परंतु तेरा मीटर लांबीचे व दहा मीटर रुंदीचे ते मैदान एका बाजूस वीतभर चुकले असते, तर अंतिम सामन्याचा निकाल कदाचित निराळा लागला असता.

स्पर्धा भरविणे किती अवघड असते, हे साध्या त्रैराशिकानेही कळेल. बत्तीस संघांनी नावे नोंदविली आणि हरणारा संघ बाद अशी पद्धत ठेवली, तर एकतीस सामने होतात. कारण विजेता सोडून प्रत्येक संघ एकदा हरलाच पाहिजे. वीस वीस मिनिटांचे दोन डाव व मधली पाच मिनिटांची विश्रांती धरली, तर एका सामन्यास पाऊण तास लागतो. संघांची ये-जा, नाणेफेक, किरकोळ खोळंबा मिळवून तास होतो. म्हणजे एका मैदानावर एकतीस तास! रात्र काही एवढी मोठी नसते. मग दोन मैदाने आखावी की डाव लहान करावे? मैदाने दोन केली, तर प्रत्येक सामन्याचा एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व त्याचे दोन मदतनीस अशी सहा माणसेही दुप्पट लागतात. याखेरीज भाग्यपत्रिका सर्वांदेखत काढणे, वर्गणीच्या पावत्या, पाहुण्या संघांचे जेवण, वीज, औषधपेटी आणि गुडघा मुरगळलेल्या खेळाडूला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी ही सारी कामे उरतातच.

याच कामाला शहरात क्रीडाव्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे. पेणकरांना ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मखरात बसलेली गणेशमूर्ती सारे पाहतात. पण तिच्यामागे कित्येक महिने आधी घेतलेली मागणी, मळलेली माती, साचे, रंगकाम आणि वाहतूक किती असते, हे कारखान्यात वावरलेल्या मुलांनाच ठाऊक असते.

कबड्डीचेच उदाहरण घ्या. हा खेळ गावोगाव निरनिराळ्या नियमांनी खेळला जाई. त्याला एकच नियमावली मिळावी, संघटना मिळावी, यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षे पायपीट केली. 1950 साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी संघटनेच्या कामाला आयुष्य वाहिले. 1982 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाखविली गेली. 1990 मध्ये बीजिंग येथे तिला पदकाचा मान मिळाला आणि सुवर्णपदक भारताने जिंकले. बुवांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. 2014 मध्ये मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा सामने मातीऐवजी मॅटवर झाले आणि चढाईला तीस सेकंदांची मर्यादा होती. दूरचित्रवाणीवरील प्रेक्षक खोळंबून राहू नये, हा त्यामागील विचार. व्यवस्थापक खेळाचे रूपही कसे बदलून टाकतो, ते यावरून दिसते. हा बदल सर्वस्वी चांगलाच झाला, असे मात्र जुनी जाणती मंडळी मानीत नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

महानगरातील काम याहून मोठे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईतील नेरूळच्या मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पाऊस आला आणि खेळ सुमारे दोन तास लांबला. परंतु मैदान झाकणाऱ्या, पाणी हटविणाऱ्या मंडळींनी आपले काम असे चोख केले की एकही षटक कमी करावे लागले नाही. भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय मिळविला. त्या रात्री तिकिटांची, सुरक्षेची, प्रक्षेपणाची, वैद्यकीय मदतीची व्यवस्था पाहणारी माणसे सामना संपल्यावरही घरी गेली नसतील. रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी पेण करून पनवेलला पोहोचते. तेथून नेरूळ लोकलने फार लांब नाही.

खेळाडूचे आयुष्य मोठे, पण त्याची खेळण्याची वर्षे थोडी. डोंबिवलीचे नीलेश कुलकर्णी 1997 साली कोलंबो येथे पहिला कसोटी सामना खेळले आणि पहिल्याच चेंडूवर त्यांनी बळी मिळविला. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. मात्र त्याच डावात श्रीलंकेने 952 धावांचा डोंगर रचला. कुलकर्णींनी सत्तर षटके टाकली, 195 धावा दिल्या आणि दुसरा बळी काही मिळाला नाही. पुढे त्यांच्या वाट्याला एकूण तीनच कसोटी सामने आले. 2010 मध्ये त्यांनी मुंबईत क्रीडाव्यवस्थापन शिकविणारी संस्था काढली. सुधीर नाईक हेही तीनच कसोटी खेळले. पण 2011 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेच्या ज्या खेळपट्टीवर झाला, ती त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती.

या वाटेला जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी अडचणीही जाणून घ्याव्यात. अभ्यासक्रमांचे शुल्क पुष्कळ असते, शहरात खोलीचे भाडे जड जाते आणि आरंभी उमेदवारीच्या काळात हाती फारसे पडत नाही. काम हंगामी, स्पर्धा संपली की पुढची मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. शिवाय इतरांची सुट्टी तीच यांची कामाची वेळ. आईवडिलांना हे पटवून देणे सोपे नाही. खेळून पोट भरत नाही, तर खेळवून कसे भरेल, असे ते विचारतात. त्याचे उत्तर तोंडाने देता येत नाही. हिशेब, करारपत्रातील भाषा, मराठीबरोबर इंग्रजी व हिंदी, संगणकाचा सराव आणि संतापलेल्या संघनायकाशी शांतपणे बोलण्याची सवय इतकी सामग्री गाठीशी असली, तर पदवीचा उपयोग होतो.

त्यातील पुष्कळशी गावातच मिळते. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडला जातो, दिवेवाला आपले दिवे मोजून नेतो. मग मंडळाचे कार्यकर्ते देवळाच्या ओसरीवर पावतीपुस्तके घेऊन बसतात. जमा किती, खर्च किती, चषकवाल्याचे देणे किती राहिले, हे सारे लिहून घ्यायला कोणीतरी सुवाच्य अक्षराचा मुलगा किंवा मुलगी त्यांना हवीच असते.