टाळ्यांपलीकडची थोरवी

शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर एखाद्या जुन्या मल्लाचा विषय निघाला, तर त्याने किती कुस्त्या मारल्या एवढ्यावर चर्चा थांबत नाही. त्याचा पवित्रा कसा होता, कोणता डाव त्याच्या अंगात मुरला होता आणि पुढच्या पोरांनी तो त्याच्याकडून कसा उचलला, याची चिकित्सा होते. जत्रेतली शेवटची कुस्ती मारणारा प्रत्येक पैलवान थोर नव्हे, हे पेठेला शिकवावे लागत नाही. वाद्य वाजविणाऱ्याची पारख करताना मात्र हीच चिकित्सक दृष्टी हरपते. गिटार हाती घेतलेल्या तरुणांचे दंडक दोनच: बोटे किती वेगाने धावतात, आणि मोबाईलवर ते किती जणांनी पाहिले.

चक बेरी या अमेरिकन रॉक गिटारवादकाचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९५८ साली त्याचे ‘जॉनी बी. गूड’ आले आणि अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले. पहिला क्रमांक त्याला उभ्या आयुष्यात एकदाच लाभला; तो १९७२ मध्ये, ‘माय डिंग-अ-लिंग’ या द्व्यर्थी, चावट गाण्यामुळे. लोकप्रियता हाच निकष मानला, तर हे दुसरे गाणे त्याची सर्वश्रेष्ठ कृती ठरेल. तसे म्हणण्याचे धाडस त्याचा कडवा भक्तही करणार नाही.

बेरीची बोटे विलक्षण वेगवान नव्हती. ‘जॉनी बी. गूड’च्या आरंभीची सुरावटही सर्वस्वी त्याची नव्हे. लुई जॉर्डनच्या १९४६ च्या एका ध्वनिमुद्रिकेत कार्ल होगन या वादकाने ती जवळजवळ तशीच वाजविली होती, आणि बेरीने हे ऋण लपविले नाही. मग त्याचे स्वतःचे असे काय? दोन तारा एकदम छेडून काढलेले जोडस्वर, पियानोवादकाच्या डाव्या हाताची धावती चाल गिटारच्या खर्जाच्या तारांवर आणणे, गाण्याच्या प्रत्येक ओळीला वाद्याने चोख उत्तर देणे, असे सुटे तुकडे जुळवून त्याने एक बोली घडविली. बीटल्सनी आणि रोलिंग स्टोन्सनी ती आत्मसात केली; स्टोन्सची १९६३ सालची पहिली तबकडीच बेरीच्या गाण्याची होती. आज पेठेतला एखादा विद्यार्थी रॉकचा पहिला धडा घेतो, तेव्हा बेरीचे नावही न ऐकता तो बेरीचीच बाराखडी गिरवीत असतो. थोर वादक म्हणावयाचे ते अशाला.

जिमी हेन्ड्रिक्स १९७० मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच्या मोठ्या तबकड्या खपल्या खऱ्या. परंतु अमेरिकेत त्याचे एकही सुटे गाणे विसाव्या क्रमांकाच्या वर चढले नाही. ध्वनिवर्धकाची जी कर्कश शीळ इतर वादक टाळू पाहत, तिलाच त्याने संगीतात जागा दिली. त्यानंतर विजेच्या गिटारकडे पाहण्याची दृष्टीच पालटली.

लोकप्रियता हा अर्थातच दोष नव्हे. बीटल्सहून लोकप्रिय कोण होते? उलट, ज्याला कोणी ओळखत नाही तोच थोर, असे मानणारी एक जमात संगीतसभांत आढळते. तिचा भ्रमही तितकाच मोठा.

कोल्हापूरला हा न्याय परका वाटू नये. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेल्या उस्ताद अल्लादियाखाँ यांचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनाने बसला होता. परतला तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी वक्र, लयीशी घट्ट विणलेली गायकी त्यांनी नव्याने रचली. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. म्हणजे बाजाराच्या हिशेबी खप शून्य! तरीही केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठांतून ती गायकी पुढे गेली, आणि आजही मैफलींत ऐकू येते.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीताची सुवर्ण तबकडी अंतराळात धाडण्यात आली. तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, आणि बेरीचे ‘जॉनी बी. गूड’ही आहे. पहिल्या क्रमांकाचे ‘माय डिंग-अ-लिंग’ त्या वेळी पाचच वर्षांचे होते. ते तिच्यावर नाही.