कोयना धरणांतील भूकंप-लेख

शके १८८९, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, म्हणजे इ. स. १९६७ च्या डिसेंबरची ११ तारीख. त्या पहाटे कोयनानगर येथें जो भूकंप झाला त्याचा अस्सल लेख धरणाच्या उदरांतच उमटला. मोडी कागदांत रमणाऱ्या वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु जुन्या धरणास बळकटी किती द्यावी हा प्रश्न मुळांत पुराव्याचा आहे, म्हणून तो येथें मांडीत आहें.

१९६३ सालीं पुरें झालेलें हें धरण १०३ मीटर उंच असून केवळ स्वतःच्या भारानें पाण्याचा रेटा सोसतें. दख्खनचें पठार स्थिर, असा तेव्हां समज असे. त्यामुळें बांधतेवेळीं धरणाच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाइतकाच आडवा धक्का हिशेबांत धरला होता. धरणाच्या आंतील बोळांतल्या यंत्रानें मात्र गुरुत्वाच्या शेंकडा ६३ इतकें त्वरण लांबीच्या दिशेनें व शेंकडा ४९ रुंदीच्या दिशेनें नोंदलें. क्षणभराचा कळस आणि हिशेबांतील कायम भार यांची तुलना जपूनच करावी; तरी अंतर डोळ्यांत भरतें.

धरण उभें राहिलें, पण त्यास भेगा गेल्या. त्या पायाशीं नव्हेत, तर वरच्या भागांत, जेथें पाठीचा उतार एकाएकीं बदलतो तेथें. हादऱ्यांत माथा अधिक झुलतो, ताण त्या कोनांत सांचतो, आणि काँक्रीट दाब सोसतें तसा ताण सोसत नाहीं. म्हणून भेगांत इपॉक्सी भरून, ताणलेल्या पोलादी तारांनीं माथा खालच्या अंगाशीं जखडला. मागाहून पाठीस काँक्रीटचे धिरे दिले. सांडव्याच्या भागाचें मजबुतीकरण तर या शतकांत झालें.

त्या दिवशीं मुंबईची वीजही तुटली. धरण टिकलें म्हणजे वीज पोंचतेच असें नाहीं: ट्रान्सफॉर्मर पायास जखडलेले हवेत, आणि चिनी मातीचे ठिसूळ दांडे ओढले जाऊन मोडूं नयेत म्हणून तारांस ढील हवी.

सांठलेल्या पाण्याच्या भारानें व झिरपण्यानें तेथील भूकंपांस चालना मिळते, असें आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूकंपाच्या एका वर्गाचें दैवत वरुण आहे. एवढ्यावरून प्राचीनांस हें ज्ञात होतें असें म्हणणें मात्र अप्रशस्त होय.

पठार स्थिर ठरलें तें बव्हंशीं नोंदींच्या अभावावरून. अनुपलब्धि म्हणजे अभाव नव्हे, हें नैयायिकांस सांगावें लागत नाहीं. भूकंपानंतर सुधारलेल्या नकाशांत हा प्रदेश चौथ्या श्रेणींत गेला. धक्क्याचें मान ठरवितांना अभियंते जुन्या कागदांतील नोंदीही विचारांत घेतात. तेव्हां ज्यांचे संग्रहीं शकावल्या, देवस्थानांच्या वह्या, किंवा पडल्या तटाच्या व कळसाच्या डागडुजीचे खर्च असतील, त्यांनीं धरणीकंपाचा उल्लेख आढळतांच शक, संवत्सर, मास, तिथि, प्रहर व गांव यांसह मूळ शब्द जसेच्या तसे उतरून पाठवावे. तिथीचें तारखेंत रूपांतर येथें करतां येईल. पाठ मात्र सुधारूं नये.